पाण्यातलं आप्पांना विचारा

मखमलाबादच्या जयरामआप्पा काकडांना दोन गोष्टी कळतात, झेंडू आणि पाणी. झेंडूचं कळतं हे सगळा फूलबाजार मान्य करतो. पाण्याचं कळतं हे आप्पा स्वतःच मान्य करतात, आणि इतक्या जोरात करतात की दुसऱ्या कुणी करायची गरजच उरत नाही. गोदावरीला पूर आला की अख्खं नाशिक पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतं, पाणी गुडघ्याला लागलं की छातीला. आप्पा पुलावर उभे राहून लोकांना सुनावतात, "मारुतीला काय बघता? धरणातनं किती सोडलंय ते मला विचारा."

त्यांच्या लेकीचं, दिशाचं, लग्न येवल्याच्या कुंदनशी ठरलं होतं. पोरं एकमेकांना पसंत, घरंही पसंत. घोडं अडलं होतं ते मांडवापाशी. यंदा अधिक महिना आडवा आल्यानं मुहूर्त जूनच्या अखेरीचा निघाला होता, आणि लग्न आपल्या नदीकाठच्या मळ्यातच लागणार असा आप्पांचा हट्ट होता. ज्या झेंडूच्या सऱ्यांमधून पोरगी रांगली तिथेच ती बोहल्यावर चढणार, हे सांगताना त्यांचा आवाज दरवेळी जड व्हायचा. कुंदनचे वडील गोरक्षशेठ कांद्याचे शेतकरी, ताकही फुंकून पिणारे. "जूनात पाऊस असतो, नदीला पाणी येतं," एवढंच ते म्हणायचे. "पाण्याची जबाबदारी माझी," आप्पा म्हणायचे. त्यावर गोरक्षशेठ मान हलवायचे, पण व्याह्यानं मान हलवली म्हणजे हो की नाही, हे आजवर कुणाला कळलंय?

अशातच विहीणबाई, म्हणजे लताबाई, बोलता बोलता म्हणून गेल्या की त्यांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. आप्पांनी लगेच दमणचा बेत जाहीर केला. पेठचा घाट उतरून गेलं की सकाळीच दमण. तिथे समुद्राकाठी तटबंदीच्या आत वसलेलं जुनं गाव आहे, आणि तटाला लागून नदीसुद्धा आहे. नदीकाठी उभं राहून पाण्याबद्दल चार गोष्टी अधिकारानं सांगायच्या, की परत येईपर्यंत मळ्यातला मांडव पक्का. सविताकाकू, म्हणजे आप्पांची बायको, एवढंच म्हणाल्या, "तिथं जरा कमी बोला."

पहाटे नाशिकच्या द्वारका चौकात दोन्ही जोडपी भेटली. गाडी गोरक्षशेठची, नवीकोरी. नंबरप्लेटवरचा हारसुद्धा अजून उतरवलेला नव्हता. गोरक्षशेठनी किल्ली पुढे केली, "आप्पा, तुम्ही चालवा." "छे छे, गाडी तुमची." "मान तुमचा." "अहो पण..." मागे कांद्याचे ट्रक हॉर्न वाजवत उभे राहिले, तरी दोघांपैकी एकही मागे हटेना. शेवटी लताबाईंनीच किल्ली उचलून आप्पांच्या हातात दिली.

दमणला पोचले तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. मोटी दमणच्या, म्हणजे त्या जुन्या गावाच्या, तटाखाली नदीचं पात्र लांबवर कोरडं पडलेलं, वाळूचा छान टणक उतार. वर रस्त्याकडेला जागा होती, पण आप्पांना तिथे ऊन दिसलं आणि खाली तटाची सावली. त्यांनी गाडी सरळ पात्रात घातली. आपल्या गोदाघाटावर आपण पात्रातच गाड्या लावतो, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

"आप्पा, नदी आहे ना ही?" गोरक्षशेठनी हळूच विचारलं.

"नदी हे, पण पाणी कुठं हे? दमणगंगा म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली लेक. वर मधुबन धरण हे. त्यांनी सोडलं तर पाणी, नाय तर नाय. आता माघात कोण सोडतंय?"

शेजारी वाळूत सात-आठ होड्या कलंडून पडल्या होत्या. प्रत्येकीला जाडजूड दोर, आणि दोराचं टोक वरच्या खांबाला. लताबाई बघत राहिल्या. "कोरड्यातल्या होड्या बांधून कशाला ठेवल्यात?"

"चोरीची भीती, विहीणबाई. पावसाळ्यात काढतात त्या बाहेर."

"आणि परवा पौर्णिमा झाली. पुनवेला समुद्राला उधाण येतं असं कीर्तनात ऐकलंय मी."

"कीर्तनात काय, समुद्रावर सेतूपण बांधतात," असं म्हणून आप्पा हसले. सविताकाकूंनी आप्पांच्या कोपराला चिमटा काढला, तो त्यांना डास वाटला.

मग चौघं तटाच्या दरवाज्यातून आत शिरली. आतलं गाव पाहून लताबाई हरखल्या. जुनी चर्चं, लाकडावरचं सोनेरी नक्षीकाम, सरकारी कचेऱ्या, आणि अंगणात चिंच वाळत घातलेली घरं. आप्पा प्रत्येक तोफेपाशी थांबून माहिती देत होते आणि प्रत्येक तोफेला वेगळा राजा देत होते. दीपगृहापाशी समुद्र दिसला तेव्हा मात्र तेसुद्धा गप्प झाले. लताबाईंनी नकळत हात जोडले.

"केवढा हो हा," त्या म्हणाल्या. "आणि मघापेक्षा जवळ आल्यासारखा वाटतोय."

"नजरेचा खेळ," आप्पा म्हणाले.

फिरत फिरत ते नदीच्या बाजूच्या तटावर आले. गोरक्षशेठ कठड्याशी टेकले आणि टेकलेलेच राहिले. मघाशी कलंडलेल्या होड्या आता सरळ उभ्या राहून डुलत होत्या. त्यांच्या रांगेत एक पांढरी गाडी होती. ती डुलत नव्हती एवढंच, पण तिची चाकं दिसत नव्हती.

गोरक्षशेठनी घसा खाकरला. आता व्याह्याला 'तुम्ही चुकलात' कसं म्हणायचं? लग्न व्हायचंय. ते म्हणाले, "हवा छान आहे."

आप्पांनी खाली पाहिलं. मग वर आभाळाकडे पाहून म्हणाले, "हां, जरा दमट."

चाकं बुडाली होती, पण मान अजून कोरडा होता. दोन-चार मिनिटं दोघं व्याही हवेबद्दल बोलले. तेवढ्यात पाणी दाराच्या कडेला लागलं. आप्पांनी बाजूला जाऊन फोन काढला आणि पाटबंधाऱ्यात कामाला असलेल्या किशोरला, आपल्या पुतण्याला, गाठलं.

"किशोर, मधुबनचं पाणी सोडलं का रं?"

"काका, मी गंगापूरच्या कालव्यावर आहे. मधुबन गुजरातेत."

"ते ऱ्हाऊ दे. सोडलं असंल तर बंद करायला सांग. आपली गाडी हे खाली."

"काका, तुम्ही आहात कुठं?"

"दमणला."

मग किशोर फार जपून म्हणाला, "काका, ती भरती असंल."

भरती-ओहोटी आप्पांनी शाळेत भूगोलात वाचली होती. परीक्षेत लिहिलीही होती. पण ती अशी कुणाच्याही परवानगीशिवाय, धरणावाल्यांना न विचारता, दर दिवशी येते, हे त्यांच्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

त्याच वेळी सविताकाकू कानाशी येऊन कुजबुजल्या, "अहो, विहीणबाईंनी दिशासाठी पैठणी आणलीय म्हणत होत्या. मागच्या सीटवर पिशवी होती."

पुढचं आप्पांनी ऐकलंच नाही. धोतर खोचून ते पायऱ्या उतरले आणि भरल्या नदीत शिरले. पाणी कमरेला आलं. सदऱ्याच्या खालच्या खिशातला फोन एकदा 'हॅलो काका' म्हणाला आणि कायमचा थांबला. आप्पांनी जोर लावून दार उघडलं. पिशवी सीटच्या उशीला टेकलेली, अजून कोरडी. त्यांनी ती डोक्यावर घेतली आणि यमुनेतून निघालेल्या वसुदेवासारखे ते काठाकडे निघाले. उघड्या दारातून राहिलेली नदी गाडीत शिरली, पण तिकडे बघायला त्यांना सवड कुठे होती?

काठावर येऊन त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी लताबाईंपुढे धरली. "विहीणबाई, पैठणी वाचली."

लताबाईंनी पिशवी उघडली. आत भाकरी होत्या आणि ठेच्याचा डबा.

"पैठणी होय?" त्यांनी काखेतली छोटी पिशवी पुढे केली. "ती काय गाडीत ठेवतात का? पहाटेपासून माझ्यापाशीच आहे."

एव्हाना काठावर पाचपन्नास माणसं जमली होती. मंगळू नावाचा एक खलाशी दोर घेऊन पाण्यात उतरला आणि त्यानं गाडीचा मागचा हूक वरच्या खांबाला बांधला. एका बाजूला होडी, दुसऱ्या बाजूला होडी, मध्ये गोरक्षशेठची गाडी.

"बांधली कशाला?" आप्पांनी विचारलं.

"व्हावून जाईल ना, शेठ," मंगळू म्हणाला. "पानी उतरल्यावर काढू. सांजंला."

मग करण्यासारखं काहीच नव्हतं. चौघं तटावर जाऊन बसली आणि वाचलेल्या भाकरी खाल्ल्या. ठेचा झणझणीत होता, त्यामुळे आप्पांच्या डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कुणी विचारलं नाही. ओल्या धोतरात बसलेल्या त्या माणसाला गाडीचं वाईट वाटतच होतं, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं ते मळ्याचं. आज चार गोष्टी बोलून जिंकायचा होता तो मांडव आपण आपल्या हातानं बुडवला, हे त्यांना कळून चुकलं होतं. लताबाई मात्र समुद्रावरून नजर काढत नव्हत्या. आयुष्यात पहिल्यांदा बघायला मिळाला होता आणि अख्खा दिवस मिळाला होता.

सूर्य कलला तसं पाणी जसं आलं तसं निमूट निघून गेलं. होड्या पुन्हा कलंडल्या. गाडी वाळूत उभी होती आणि तिच्या दारातून एक खेकडा मालकासारखा खाली उतरत होता.

"गाडीचं काय, लोखंडच ते," गोरक्षशेठ म्हणाले. मग दिवसभर तोंडात धरलेलं वाक्य त्यांनी एकदाचं सोडलं. "आप्पा, राग मानू नका. लग्न आपण येवल्यालाच करू."

आप्पांनी मान खाली घातली. "झेंडू तरी माझाच ऱ्हाईल ना?"

"तुमचाच," लताबाई म्हणाल्या. "वेशीपासून मांडवापर्यंत. दुसरं फूल दिसलं तर मी माळायची नाही."

आप्पांच्या जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर सवयही परत आली. धोतराचा सोगा पिळत त्यांनी विचारलं, "मंग तिकडं पाण्याचं कसं काय? मी येऊन एकदा बघून जाऊ का?"

"काही बघू नका," गोरक्षशेठ हात जोडून म्हणाले. "आमच्याकडं टँकर येतो, तोबी दिवसाआड. तुम्ही गाडी कुठंबी लावा."