पडायला जागा

शेषराव कुणाच्या घरी गेले की आधी विचारतात, "पडायला जागा कुठंय?" मग टीपॉय बाजूला सारतात, पितळी समई उचलून कपाटावर ठेवतात आणि मगच बसतात.

पुंडलिकनगरात त्यांची आणि माझी भिंतीला भिंत. दोघंही एकटे. सोयगावला ते जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बैलाला हातभर सुई टोचायचे. पण माणसाचं रक्त दिसलं की धाडकन आडवे.

मी म्हटलं, "बैलाचं रक्त हिरवं असतंय का?"

"आक्का, बैलाची भीती नाय वाटत. माणसाची लई वाटती."

डॉक्टरनं सांगितलेलं ते आल्यागेल्याला ऐकवतात. "भ्यालं की एक नस हृदयाला म्हणती, हळू चाल. रक्त पायात उतरतं, डोकं रिकामं. आडवं राहिलं की परत येतं. पण आपली माणसं बसवत्यात!"

तेही खरं. एकदा क्रांती चौकात पडले, तर लोकांनी बसवून नाकाला कांदा लावला. ते बसल्याजागी परत कोसळले, दात गेला. तेव्हापासून वरच्या खिशात चिठ्ठी असते.

यंदा साखरेनं माझ्या पायाचं बोट काळं पडलं. ठेवायचं की कापायचं, ते डॉक्टर पट्टी सोडून सांगणार होते. आदल्या दिवशी मी चूलही पेटवली नव्हती. कुणाला बोलले नाही. सकाळी शेषराव दारात.

"चला."

"तुम्ही कशाला? पडाल."

"पडू की. दवाखान्यात जागा असती."

पट्टी सुटली, घाण वास आला. मी डोळे मिटून त्यांचा हात धरला. तो गार पडला, घामानं ओला झाला आणि सुटला. बघते तर शेषराव फरशीवर, तोंड चुन्यासारखं पांढरं, डोळे उघडे. मला वाटलं, गेले.

"बसवा, बसवा! कांदा आणा!" बाहेरची माणसं धावली.

"हात लावाल तर बघा!" मी उघड्या जखमेनिशी खाली बसले, त्यांचे पाय मांडीवर घेतले. खिशातली चिठ्ठी फरशीवर पडली होती. चौथी शिकलेय, वाचता येतं.

'मला बसवू नका. पाय वर करा. शेजारच्या आक्काला कळवू नका. घरात एकटी असती, घाबरंल.'

मी चिठ्ठी घडी घालून परत त्यांच्या खिशात ठेवली.

थोड्या वेळानं त्यांचे ओठ हलले. "आक्का... बोट?"

मी डॉक्टरांकडं बघितलं.

"राहील," डॉक्टर म्हणाले. "आता पाय खाली ठेवले तरी चालतील त्यांचे."

मी ठेवले नाहीत.