मशीनचा ठोका आणि वर्षाराणीची खाट

नीलाबाईनं ठरवलं, आज घरातलं ते मशीन जाणार म्हणजे जाणार. ठरवलं एवढंच, पण त्यापायी दुपारच्याला तिच्या हातात कुदळ आली आणि समोर सासऱ्याची ओली समाधी.

मशीन म्हणजे दोन लोखंडी कपाटांएवढा, चाळीस वर्षांपूर्वीचा कंप्युटर. साखर कारखान्यानं तो भंगारात काढला आणि तिथं जन्मभर तोच चालवलेल्या मल्लिनाथनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ट्रॅक्टरमध्ये घालून लिंबागणेशला घरी आणला. (लोक रिटायर झाल्यावर शाल-नारळ घेऊन येतात.) घरात खोल्या दोन. एकीत माणसं, दुसरीत हे धूड. पोरगी वर्षाराणी पहिल्या बाळंतपणाला सोमवारी येणार आणि तिची खाट टाकायला जागा न्हाई. पुण्याच्या एका संग्रहालयातली बाई आज मशीन बघायला येणार होती. "चालू असलं तरच नेतेत," असं मल्लिनाथनं आधीच बजावून ठेवलं होतं.

सकाळी त्यानं बटण दाबलं. पंखा घरघरला. दिवा एक लागेना.

"करंट हाय," तो मीटर लावून बोलला. "ठोका न्हाई."

"म्हंजे?"

"माणसाच्या छातीत असतो तसा यालाबी ठोका लागतो. सेकंदाला लाखो ठोके. त्याच्यावर समदं चालतं. ठोका न्हाई तर मढं."

"मग मढं घरात कावून ठिवलंय इतके दिवस?"

मल्लिनाथनं मशीनचं दार उघडलं. एकेक कार्ड उपसत, फुंकर मारत, तो शेवटच्यापाशी थांबला. ठोका देणारी पत्र्याची नखाएवढी वस्तू जिथं खोचलेली असते, तिथं नुसती दोन भोकं. तो मटकन खाली बसला.

"मीच काढलती, घासायला. तेवढ्यात आबाला घरघर लागली. जवळच्या डबीत टाकली अन् पळालो."

"कंच्या डबीत?"

"आबाच्या तंबाखूच्या."

आबा म्हणजे नीलाबाईचे मामंजी. मामंजी जाऊन बारा दिवस झालते. लिंगायत रीतीनं विभूती लावून, बेलपानं वाहून त्यांना मातीत बसवलं, तेव्हा 'म्हाताऱ्याला तलफ येईल' म्हणून ती डबी तिनंच मांडीशी ठेवायला लावली होती. (सून असावी तर अशी, म्हणून बायकांनी डोळे पुसले होते.)

नवरा बसला तिथंच बसला. हिनं कुदळ उचलली अन् समाधी गाठली.

चार घाव घातले न घातले, तोच मामंजींचे अंत्यविधी केलेले सोमेश्वर स्वामी धोतर सावरत पळत आले.

"बाई, काय करायलीस हे?"

"मामंजीची डबी काढायलेय."

"मेलेल्याची तलफ मोडतीस?"

"तंबाखू त्यान्लाच ठिवते, स्वामी. आतला ठोका तेवढा नेते."

स्वामींनी आधी कुदळ काढून घेतली, मग नरमाईनं बोलले, "म्हाताऱ्याचा ठोका थांबून बारा दिवस झाले, माय. घरी जा. ऊन लागलंय तुला."

चिखलाच्या हातानं ती घरी आली, तर संग्रहालयातली ती पुण्याची बाई, रुचिका, आलेली. बाई कसली, पोरगीच. मल्लिनाथनं रडगाणं सांगितलं तसं पोरीनं पर्समधून जुन्या मशीनी तपासायला ठेवलेली एक पुडी काढली. तसल्याच मूठभर वस्तू! एक खोचली. बटण दाबलं.

दिवे मुंगळ्यांच्या रांगेसारखे पळायला लागले.

बापाला मातीत बसवताना मल्लिनाथच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. आता मशीनला कवटाळून तो लेकरागत हुंदके द्यायला लागला.

"रडून घ्या," नीलाबाई म्हणाली. "अन् पोरी, तू उचल ते."

"आता कावून देऊ?" तो नाक पुसत बोलला. "चालायलंय की!"

चहा पिता पिता रुचिका हळूच म्हणाली, "काकू, चालूच पाहिजे असं कोण म्हणालं? आमच्याकडची सगळी बंदच आहेत. बंद असतं तर आजच टेम्पोत घातलं असतं."

नीलाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तो दिवे बघण्यात दंग. ती वस्तू उपटायला तिनं हात घातलाही, पण बारा दिवसांनी मोकळं झालेलं त्याचं तोंड बघून हात मागं आला. (इथंच चुकलं तिचं.)

तिनं वर्षाराणीला फोन लावला.

"वर्षे, सासरीच बाळंत हो माय. इथं तुझ्या खाटेवर आधी बापच बाळंत झालाय."

"अगं बया! काय झालं बाबांना?"

"मशीन झालंय."