झोपाळ्याच्या कडीचा दिवा

"माहा दिवा पडला, तर रंधा विकून टाकीन!"

गडचिरोलीच्या बाजारात, नबीलच्या हार्डवेअरच्या दुकानात, मन्सूरभाऊंनी छाती ठोकून हे जाहीर केलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघांनीही ऐकलं.

मन्सूरभाऊ म्हणजे सुतारकामातला पोहोचलेला माणूस. पण एक खंत त्यांना आतून कुरतडायची. आपण केलेल्या खाटेवर लोक झोपतात, पाटावर बसतात, मान वर करून कौतुकानं बघत कोणीच नाही! म्हणून यंदा त्यांनी उरलेल्या सागाच्या पातळ पट्ट्या जोडून छताला टांगायचा दिवा केला. दिवा खरंच देखणा झाला होता. तो लागणार होता धानोऱ्याकडच्या लटारूभाऊंच्या नव्या स्लॅबच्या घरात. तिथे रविवारी लटारूभाऊंच्या नातवाचं बारसं होतं आणि बारशाला गुणवंतराव येणार होते. गुणवंतरावांचं जंगलाच्या कडेला बारा खोल्यांचं लॉज उभं राहत होतं. दिवा त्यांच्या नजरेत भरला की बाराही खोल्यांत मन्सूरभाऊंचा उजेड!

नबीलने पितळेचा नाजूक हुक पुढे केला.

"हे? हे तर माह्या बेगमच्या कानात शोभन!"

"भाऊ, दिवा हलका हाय ना पन."

"आज हलका हाय. उद्या त्याच्यावर मांजर बसली, मंग?"

वजन वायरीवर नको, साखळीवर हवं. होल्डर चिनी मातीचा हवा. बल्ब एलईडीच, म्हणजे लाकूड तापणार नाही. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं, नबीलनेही मान डोलावली. पण मन्सूरभाऊंना थांबायचं कुठे ते कधीच कळलं नाही. त्यांनी घेतली झोपाळ्याची कडी, अंगठ्याएवढी जाड, स्लॅबमध्ये खोल रुतणाऱ्या फास्टनरसकट. साखळी घेतली बैल बांधायची!

घरी शहजादीने पिशवी उघडून बघितली.

"अजी, दिवा टांगून राह्यले का म्हैस?"

"तुले नाई समजाचं," मन्सूरभाऊ म्हणाले. शहजादीला बहुतेक गोष्टी त्यांच्याआधी समजायच्या, म्हणून हे वाक्य त्या घरात रोजच्या वापरातलं होतं.

शनिवारी कडी बसली. लटारूभाऊंनी ती खालून निरखली. शेतकरी माणूस, त्यांची परीक्षा एकच. "धानाचं पोतं टांगून पाहू!"

पोतं टांगलं. कडी ढिम्म! मग लटारूभाऊ स्वतः लटकले. ते बघून त्यांचा मुलगा निकेश लटकला. बातमी गावात गेली आणि जो तो हात झाडत यायला लागला. "मलेई लटकू द्या ना भाऊ!" म्हातारा मुखरू तर लटकल्यावर उतरायलाच तयार होईना, म्हणे पाठ मोकळी होते! मन्सूरभाऊ दारात उभे राहून प्रत्येकाला कडीचे गुण सांगत होते. दिव्याकडे मात्र कोणी ढुंकून बघितलं नाही. तो कोपऱ्यात पोत्यामागे पडून होता. शेवटची एसटी गाठायची म्हणून तो टांगायचं काम रविवारवर राहिलं.

रविवारी मन्सूरभाऊ इस्त्रीचा कुर्ता घालून पोहोचले आणि दारातच थिजले. कडीला पाळणा टांगलेला! पाळण्यात बाळ, भोवती बायका, आणि लटारूभाऊंच्या पत्नी सुगंधाबाई दोरी ओढताहेत.

"बाई, माहा दिवा?"

"मंग पाळणा कुठी टांगू, मन्सूरभाऊ? जुन्या घरी आडवं लाकूड होतं. ह्या स्लॅबले काय हाय? पंख्याच्या कडीले पंखा हाय. तुमची कडी तेवढी भरोशाची! काल अख्खं गाव लटकलं ना!"

आता बाळाला उतरवा म्हणणार? बाळाची आई करिष्मा एवढ्या विश्वासानं त्या कडीकडे बघत होती, की मन्सूरभाऊंना रागही धड आला नाही. उलट आतून थोडं बरंच वाटलं.

"पन दिवा कुठी हाय?"

"तो निकेशनं लावला ना बाहेर! शोभा आली मांडवाले."

मन्सूरभाऊ धावत मांडवात आले. निकेशने दिवा मांडवाच्या बांबूला टांगला होता. सुतळीनं! आणि बरोबर त्याच्या खाली, घुगऱ्यांची प्लेट हातात घेऊन, खुर्चीत बसले होते गुणवंतराव!

"साहेब, उठा! उठा तिथून!"

"काऊन? काय झालं?" म्हणत गुणवंतरावांनी कौतुकानं मान वर केली. मन्सूरभाऊंचा दिवा आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मान वर करून बघितला, आणि सुतळी तुटली.

दिवा प्लेटीत आला. घुगऱ्या मांडवभर उडाल्या. सुदैवानं गुणवंतरावांना लागलं काहीच नाही, नुसत्या मिशा हळदीनं पिवळ्या झाल्या. लटारूभाऊ त्यांना धरून आत घेऊन गेले. तिथे गुणवंतरावांची नजर पाळण्यावर गेली आणि साखळीवरून वर सरकत कडीवर थांबली. त्यांनी साखळीला दोन्ही हातांनी हिसका दिला. बाळ झोपेतच हसलं.

"हे कडी कोनी बसवली?"

"मी," मन्सूरभाऊ पुटपुटले.

"वा! मले बाराही खोल्याईत झोपाळे लावाचे हाय. शहरातल्या पाहुण्याईले लय आवडते. कड्या तुमीच बसवा, फळ्याई तुमीच करा."

"आन दिवे, साहेब?"

गुणवंतरावांनी कॉलरमधून एक हरभरा काढला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दिव्याचं मंग पाहू."

म्हणजे पुन्हा लोक बसणारच! तरी मन्सूरभाऊ एसटीत गाणं गुणगुणत घरी आले. बारा झोपाळे म्हणजे काही थोडं काम नव्हे.

शहजादीने दारातच विचारलं, "भेटली ऑर्डर? किती दिवे?"

"ते सांगतो मंग. आधी माहा रंधा आत लपवून ठेव."

"काऊन?"

"नबील विचाराले येईन."