वाल्मिक रजा घेतो

सोनाली सकाळी एवढंच म्हणाली, की आज पोरीपाशी तुम्ही थांबा. वाल्मिक लगेच हो म्हणाला आणि तिथंच फसला.

तीन वर्षांच्या चंचलला ताप होता. सोनाली साड्यांना लेस लावायच्या कारखान्यात मशीनवर बसायची. तिचे दोन खाडे झाले होते. तिसरा झाला तर मशीन दुसरीला देईन, असं तिथल्या मॅडमनी बजावलं होतं. शेजारच्या दगाबाबांना बोलावू का, असंही तिनं विचारून पाहिलं. वाल्मिकला ते लागलं. सख्खा बाप घरात असताना शेजारी कशाला? (बाप दिवसाढवळ्या घरात पहिल्यांदाच असणार होता, ही गोष्ट वेगळी.)

गोडादऱ्याच्या कापड कारखान्यांत लूम म्हणजे यंत्रमाग चालवणाऱ्याला रजा हवी, तर आपल्या जागी बदली माणूस द्यावा लागतो. दगाबाबांचा जन्म लूमवर गेलेला, हल्ली ते ओट्यावर बसून असत. वाल्मिकनं त्यांनाच आपल्या लूमवर पाठवलं आणि स्वतः ऐटीत औषधाची बाटली उघडली.

पहिला चमचा उशीवर सांडला, दुसरा त्याच्या बनियनवर. तिसऱ्याला त्यानं पोरीचं नाक दाबलं, तर ती बोटाला कडकडून चावली. त्यानं लाडीगोडी केली, दम दिला, शेवटी तोच रडकुंडीला आला. पोरीचं अंग मात्र तापतच चाललं होतं. चंचलला खांद्यावर टाकून, बाटली-चमचा हातात घेऊन वाल्मिक दोन गल्ल्यांपलीकडच्या आपल्या कारखान्याकडे अनवाणीच पळत सुटला.

दगाबाबा दारात आले. पोरीला मांडीवर घेऊन त्यांनी चमचा स्वतःच्याच तोंडाकडे नेला. हे तर मीच पिणार, तुला मुळीच देणार नाही, असं ते म्हणाले मात्र, चंचलनं त्यांचा हात ओढून औषध गटकन पिऊन टाकलं. वर आणखी मागितलं.

"तुनाघाई हाई व्हवाव नई," दगाबाबांनी वाल्मिकला सरळ नापास केलं. "तू लूमवर उभा ऱ्हाय, पोरले मी घर लई जास."

अशा रीतीनं रजेवर असलेला वाल्मिक स्वतःचाच बदली होऊन कामाला लागला.

संध्याकाळी सोनाली धावतपळत घरी आली, तर ताप उतरलेला आणि चंचल दगाबाबांच्या हातून खिचडी खात बसलेली. तिच्या जिवात जीव आला. नवरा कुठंय म्हणून विचारलं, तर रजा घेऊन कामावर गेलाय असं कळलं, तेव्हा ती डोळे पुसता पुसता हसायला लागली.

वाल्मिक आला तो थेट पोरीपाशी. कपाळ गार लागलं आणि त्याला इतकं हलकं वाटलं, की पाय पसरून तो तिथंच भिंतीला टेकला. तेवढ्यात कारखान्याच्या शेठचा फोन आला. सकाळी म्हातारा होता तोवर एक धागा तुटला नाही, दुपारपासून नुसती कटकट. तेव्हा उद्याही त्यालाच पाठव, असं शेठचं म्हणणं पडलं.

वाल्मिकनं पडेल चेहऱ्यानं बायकोला सगळं सांगितलं. सोनालीनं क्षणभरही विचार केला नाही.

"शेठले सांगा, दगाबाबा आठे घरमा लागतस. तठे कारखानामा तुमनावरच काम चालाडी ल्या."