एक्केचाळीस ठिपके आणि एक शेरा

सुधन्वाने तो नकाशा मंडळाच्या ग्रुपवर टाकला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि त्याच्या बायकोच्या हळदीकुंकवाला पाच तास उरले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असायचं कारण नव्हतं. पण तो लावल्याशिवाय राहील तर तो सुधन्वा कसला.

सुधन्वा केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर. खात्याला नकाशे बघण्यासाठी एखादं फुकटातलं सॉफ्टवेअर हवं होतं आणि तीन तपासून सोमवारी अहवाल द्यायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. आता नियम असा की मंजूर नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सरकारी माहिती घालायची नाही, आणि घालून बघितल्याशिवाय सॉफ्टवेअर मंजूर होत नाही. मग त्याने बायकोकडे हात पसरला.

"स्वरूपा, तुझी ती हळदीकुंकवाची यादी दे ना यार. टेस्टिंगला हवीये."

दिल्लीच्या द्वारकेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या एक्केचाळीस बायकांची नावं, पत्ते असलेली ती एक्सेलची फाइल. यंदा हळदीकुंकू पहिल्यांदाच स्वरूपाच्या घरी होतं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका बाईंकडे छत्तीस जणी जमल्या होत्या, त्यामुळे आपल्याकडे बायका येतील ना, या धास्तीने स्वरूपा तीन आठवडे नीट झोपली नव्हती. तिने फाइल दिली, आणि देण्याआधी एक कॉलम लपवला.

सुधन्वाने शुक्रवारची संध्याकाळ घालवून प्रत्येकीच्या सोसायटीचे अक्षांश-रेखांश भरले. पहिल्या सॉफ्टवेअरने सगळ्या मंडळाला उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रात नेऊन ठेवलं. आकडे त्यानेच उलटे भरले होते, पण अहवालात त्याने 'सॉफ्टवेअर समजूतदार नाही' अशी नोंद केली. दुसरं सॉफ्टवेअर चहा करून पिऊन झाला तरी उघडेना. तिसऱ्याने मात्र एका क्षणात द्वारका उघडली आणि एक्केचाळीस लाल ठिपके बरोबर आपापल्या सोसायटीवर जाऊन बसले. सुधन्वा खूश झाला.

अहवालाच्या फॉर्ममध्ये शेवटी एक प्रश्न होता: सर्वसामान्य नागरिकास वापरता येते काय? नागरिक कुठून आणायचे? शनिवारी सकाळी स्वरूपा तिळाच्या वड्या थापत होती, तेव्हा तिचाच फोन उचलून त्याने मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर लिंक टाकली. 'आपापल्या ठिपक्यावर क्लिक करा आणि माहिती बरोबर आहे का ते कळवा.'

दहा मिनिटांत अडतीस जणींनी नकाशा उघडला. "अगं, काय रिस्पॉन्स आहे," तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला. "मयुराचा मेसेज पण आला. वाचू? 'पत्ता बरोबर आहे. डबे मात्र तीन नाहीत, दोनच राहिलेत.' कसले डबे गं?"

स्वरूपाचा वड्या थापणारा हात थांबला. तिने फोन ओढून घेतला आणि मयुराच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. नाव, फ्लॅट नंबर, आणि खाली ठळक अक्षरांत: 'शेरा – डबे परत देत नाही. तीन राहिलेत. प्लास्टिकमध्येच द्यावं.'

ती एकेक ठिपका दाबत गेली. मृणालच्या ठिपक्यावर होतं, 'चारला बोलावलं की सहाला उगवते.' त्याच्या शेजारच्या ठिपक्यावर, 'सुनेचं गाऱ्हाणं सुरू झालं की विषय बदलावा.' तिने वर्षानुवर्षं फक्त स्वतःसाठी लिहिलेलं सगळं, सेक्टरवार.

"पण हा कॉलम फाइलमध्ये नव्हताच," सुधन्वा म्हणाला. त्याचाही चेहरा पडला होता.

"हाइड केला होता. तूच शिकवलंस मला."

"हाइड म्हणजे डिलीट नाही गं. सॉफ्टवेअरला सगळं दिसतं."

"मग पुस ते आत्ताच्या आत्ता."

नकाशा पुसायचं बटण होतं. ते दाबल्यावर 'आपली विनंती मिळाली, चोवीस तासांत कार्यवाही होईल' असं उत्तर आलं. आयुष्यभर लोकांना हेच उत्तर देत आलेला सुधन्वा पहिल्यांदाच ते वाचून हबकला.

"एकही बाई येणार नाही आता," स्वरूपा म्हणाली आणि तिला रडूच आलं.

चारला बेल वाजली. दारात मृणाल, चारच्या ठोक्याला. मागोमाग मयुरा, दोन स्टीलचे डबे घासूनपुसून घेऊन. सुनेचं गाऱ्हाणं गाणाऱ्या बाई तर सुनेलाच घेऊन आल्या आणि अर्धा तास तिचं कौतुक करत राहिल्या. पाचपर्यंत घर भरलं. झाडून सगळ्या आल्या. घरी बसणं कुणालाच परवडणारं नव्हतं, कारण आपला शेरा खोटा पाडायचा होता आणि बाकीच्यांचे खरे आहेत का ते बघायचं होतं. स्वरूपा थक्क होऊन वाण वाटत होती. तिळगूळ देताना गोड बोलण्याचं ते वाक्य काही तिच्या तोंडून निघेना.

सगळ्या गेल्यावर भानुमतीकाकू तेवढ्या सोफ्यावर उरल्या. बारा वर्षांपासूनच्या जुन्या सभासद, सगळ्यात शांत बाई.

"तुझा नकाशा बघितला मी," त्या म्हणाल्या. "चष्मा बदलून बघितला. माझ्या ठिपक्यावर नुसता फ्लॅट नंबर आहे."

"काकू, तुमच्याबद्दल वाईट असं काही नव्हतंच."

"बारा वर्षांत तुला माझं काहीच खटकलं नाही? म्हणजे कधी लक्षच गेलं नाही माझ्याकडे." त्यांनी चष्मा काढून पुसला. सकाळपासून बसलेल्या सगळ्या धक्क्यांपेक्षा हा मोठा होता.

"सुधन्वा, ते यंत्र आण," काकू म्हणाल्या. नकाशा पुसायला चोवीस तास लागत असले तरी त्यात भर लगेच घालता येत होती. "हं, लिही. बाई अतिशय फटकळ आहे. हिच्याशी जपून बोलावं."

सुधन्वाने लिहिलं. काकूंनी आपल्या फोनवर स्वतःचा ठिपका दाबला, शेरा दोनदा वाचला, त्याचा फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिला.