धोंड्याला मागितलेला कचरा

माणसानं कार्यशाळेला खुशाल जावं, पण तिथं लक्ष देऊ नये. मी दिलं. (ऑफिसात मला ही सवय नाही.) आमच्या साहेबांना लग्नाला जायचं होतं, म्हणून त्यांच्या जागी मी गेलो. तिथं कळलं, की पिकाच्या वाळक्या काडीकचऱ्यात साखर असते, फक्त कुलूपबंद. काडी सोड्यात उकळायची, एन्झाइम टाकून कुलूप उघडायचं, सुटलेली साखर यीस्टला चारायची, की गाडीत घालायचं इंधन तयार! एन्झाइमची एक बाटली फुकटही मिळाली. तिथंच माझं डोकं फिरलं.

त्यात अधिक महिना. कन्नडजवळच्या सासुरवाडीला धोंडे खायला गेलो. पुरणाचे धोंडे हाणून झाल्यावर सासरे तात्यासाहेब रिवाजाप्रमाणं म्हणाले, “जावईबापू, काय पायजे ते मागा. धोंड्याच्या जावयाला ह्या घरात नाय म्हणत नसतेत.”

मागच्या अधिकात माझ्या साडूनं मोटरसायकल उकळली होती. मी मोठ्या मनानं गोठ्याशेजारच्या गंजीकडं बोट दाखवलं. “मला फक्त तो कचरा द्या.”

गंजी कडब्याची होती. माझ्या बायकोनं, सुलेखानं, कपाळावर हात मारला. सासूबाईंच्या चंद्री म्हशीला पावसाळ्यापर्यंत तेवढीच वैरण होती, आणि यंदा कडबा बाजारात औषधालाही मिळत नव्हता. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. (मला वाटलं, माझा साधेपणा बघून गहिवरले.)

“न्या,” तात्यासाहेब म्हणाले. “शब्द दिलाय.”

बसमध्ये सुलेखा फुटली. “कडब्याला कचरा म्हणणारा जावई आख्ख्या तालुक्यात आमच्याच घरी! आई चंद्रीला काय घालंल आता?”

“घालतील काहीतरी,” मी म्हणालो. ती उठून मागच्या सीटवर जाऊन बसली, ती थेट संभाजीनगर येईपर्यंत.

पुढच्याच रविवारी आमच्या सोसायटीत कडब्याचा ट्रॅक्टर आला. मागं टेम्पो, आणि टेम्पोत साक्षात चंद्री. मेव्हणा शिवराज म्हणाला, “दाजी, तात्या म्हणले, तिचा घास तुमच्याकडं आलाय, तवा तीबी तुमच्याकडंच ऱ्हाईल.”

पार्किंगमध्ये म्हैस बांधून मी प्रयोगाला लागलो. कडबा चिरला, सोड्यात उकळला, बाटली ओतली, यीस्ट टाकलं. कुकर काळा पडला आणि वासानं वरच्या मजल्यावरचे गॅस कंपनीला फोन करू लागले. आठवडाभरानं वाटीभर तपकिरी पाणी हाती लागलं. त्याला काडी लावली. काडी विझली.

खाली चंद्री मात्र तेच कुलूप नुसतं रवंथ करून उघडत होती आणि दोन वेळा दूध देत होती. धार सुलेखा काढायची. (शेणाचं खातं माझ्याकडं आलं.) सोसायटीचे सेक्रेटरी साहेबराव नोटीस घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी पातेलं घेऊन आले. मग रांगच लागली.

सासूबाई रोज फोनवर चंद्रीला वैरण पुरते का ते विचारत आणि मग तोंडात पदर कोंबल्यासारखा दबका आवाज येई. मला वाटलं, रडतायत; फार वाईट वाटायला लागलं. शेवटी मीच फोन घेतला. “आई, चुकलं माझं. उरलेला कडबा आणि चंद्री, दोन्ही परत पाठवतो.”

पलीकडे त्या खळखळून हसल्या. “पाठवा बापू, आन् तुमीबी या जेवायला. फकस्त काय मागू नका!”

न्यायला तात्यासाहेब स्वतः आले. बायकांनी चंद्रीला कुंकू लावून ओवाळलं. माझ्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. साहेबराव पातेलं काखेत धरून काकुळतीनं म्हणाले, “तात्या, म्हैस राहू द्या ना इथंच. हवं तर ह्यांना घेऊन जा.”

मी सुलेखाकडं पाहिलं. ती चक्क विचार करत होती.

तात्यासाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “न्यायला काय, नेतो की,” ते म्हणाले. “पण येवढा कडबा खाऊन हे देनार काय?”