वॅफल-स्वारीची हकीकत, मुक्काम परळ

श्री गजानन प्रसन्न. चाळीतील, सोसायटीतील आणि टॉवरातील समस्त बालमंडळींस अनेक आशीर्वाद. तुम्ही पुसिले की, परळ मुक्कामी वॅफलाची स्वारी जाहली ती कैसी जाहली, शिकस्त कोणाची आणि फत्ते कोणाची, ते साद्यंत सांगावे. तरी आधी डोळे मिटावे आणि मनात चित्र आणावे. तीन मजल्यांची एक चाळ आहे, तीस लिफ्ट नाही, जिना लाकडी आहे आणि कठड्यावर टॉवेल निशाणांसारखे फडकत आहेत. तळमजल्यावर जुईसाहेबांचे संस्थान, उमर वर्षे नऊ. तिसऱ्या मजल्यावर त्यांचे जिवलग दोस्त राजसराव यांचे ठाणे, उमर तितकीच. राजसरावांचा डावा पाय प्लास्टरात आहे, कारण शिवाजी पार्कावर उंच झेल घेण्यास मागे मागे धावता धावता ते भलत्याच सामन्यात शिरले आणि तेथील यष्ट्यांवर कोसळले. झेल मात्र सोडिला नाही. दिसले चित्र? मग ऐका.

युद्धाचे मूळ ऐसे की, शेजारच्या वैभवरावांच्या वाढदिवसाचा दरबार भरला, दुकानातून वॅफल आणविले, आणि राजसरावांस जिना उतरणे मना म्हणून त्यांचा वाटा डबीत घालून जुईसाहेबांच्या हवाली केला. साहेब डबी घेऊन वर निघाल्या. पहिल्या मजल्यावर डबी उघडून नुसता वास घेतला. दुसऱ्या मजल्यावर एक कोपरा चाखिला, मग तो कोपरा कमी दिसू लागला म्हणून समोरचा कोपरा बरोबरीस आणिला, मग राहिलेले दोन कोपरे विचित्र दिसू लागले, आणि तिसऱ्या मजल्यास पावेतो डबीत चॉकलेटाचा डाग तेवढा उरला. राजसरावांनी डबीत पाहिले, मग साहेबांच्या हनुवटीकडे पाहिले. त्यांच्या प्लास्टरावर सगळ्या दोस्तांनी नावे लिहिली होती. त्यांनी स्केचपेन उचलिले, जुईसाहेबांच्या नावावर मोठी फुली मारिली आणि फर्मान काढिले, "कट्टी."

साहेबांस रात्रभर ती फुली दिसत राहिली. दुसरे दिवशी, रविवारी, त्यांनी दारात उभे राहून कौल दिला की, आज दिवेलागणीस घरी केलेला वॅफल हजर करीन.

"आख्खा," राजसराव बोलिले. "कोपऱ्यांसकट. नाहीतर फुली राहणार."

मग तयारी सुरू जाहली. जुईसाहेबांचे तीर्थरूप विनीतराव बाजारावर चालून गेले आणि तयार पिठाचे शेवटचे खोके घेऊन परतले; दुकानात दुसरे नव्हते. वॅफलाचे यंत्र त्यांच्या लग्नात आहेर आले होते आणि चांगल्या प्रसंगी काढू म्हणून तेव्हापासून माळ्यावर खोक्यातच नजरकैदेत होते. त्यास खाली उतरविले, धूळ झाडिली, आणि सेनापतिपद नलूआत्यांस दिले. नलूआत्या म्हणजे विनीतरावांच्या थोरल्या भगिनी, जन्म मालवणाकडचा, तांदळाच्या घावनाच्या तव्यावर उभ्या हयातीत हार ठाऊक नाही. त्यांनी यंत्र उघडिले, आतील चौकडीचे खड्डे पाहिले आणि म्हणाल्या, "तव्याक देवी इल्यो की काय गो?"

खोक्यातील पिठात दूध घातले, अंडे फोडिले, लोणी वितळवून सोडिले. आत्या पीठ घोटावयास बसल्या. जुईसाहेबांनी अर्ज केला की, थोड्या गुठळ्या राहू द्याव्या, फार घोटिल्यास वॅफल चिवट होतो. आत्यांनी उत्तर दिले की, गुठळीचे पीठ ह्या घरात आजवर तव्यावर पडले नाही. मोठी मसलत जाहली आणि अखेर वाटाण्याएवढ्या गुठळ्यांस अभय मिळाले. पीठ भरिले ते तीन वॅफलांपुरते. म्हणजे तीन लढाया, अधिक नाही.

पहिल्या लढाईस यंत्र तापले आणि हिरवा दिवा लागला. आत्यांनी रिवाजाप्रमाणे अर्धा कांदा काट्यास टोचिला, तेलात बुडविला आणि दोन्ही पत्र्यांवर खड्ड्याखड्ड्यांतून फिरविला. घावनास हेच करितात, तवा कैसा लखलखतो! मग पीठ ओतिले, झाकण लाविले, आणि घरात वास सुटला तो भज्यांचा. वॅफल सुटला, तुकडा मोडून चाखिला, आणि जुईसाहेबांचे तोंड वाकडे जाहले.

"आत्या, ह्याला कांद्याचा वास येतोय!"

"येतलोच. कांदो लावलंय मा."

विनीतरावांनी तो वॅफल लसणीच्या चटणीबरोबर जप्त केला आणि ऐसा वॅफल दुकानातही मिळत नाही म्हणून ग्वाही दिली. मग यंत्राचे बटण बंद करून, ते निववून, ओल्या फडक्याने पुसिले, पुन्हा तापवून लोणी लाविले. उन्हे कठड्यावरून उतरू लागली.

दुसऱ्या लढाईस पीठ ओतिले, झाकण लाविले, आणि थोडक्याच वेळात कडांतून वाफ फुसफुसू लागली. आता मुलांनो, येथे नीट लक्ष द्यावे. घावनावर झाकण ठेविले आणि कडेने वाफ आली म्हणजे घावन जाहले, तत्काळ उचलावे, हा आत्यांच्या हाताचा जन्माचा कायदा. तो हात कोणास न विचारता पुढे गेला आणि झाकण उघडिले. वॅफलाचे दोन तुकडे जाहले, अर्धा वरच्या पत्र्यास चिकटला, अर्धा खालच्या, आणि मधून कच्चे पीठ ओघळले. जुईसाहेबांचे डोळे भरले. आत्यांचा चेहरा उतरला, कारण स्वयंपाकात हार खाण्याची त्यांस सवय नव्हती आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी पाहण्याची तर मुळीच नव्हती.

साहेबांनी डोळे पुसिले आणि त्या कच्च्या भागाकडे बराच वेळ पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "आत्या, वाफ येते म्हणजे आत अजून पाणी आहे ना? मग वाफ थांबल्यावर उघडूया."

आत्यांनी भुवया चढविल्या. वाफ थांबेस्तोवर घावन ठेविले तर त्याचा पापड होतो, हे त्यांस पुरते ठाऊक. परंतु यंत्र घावनाचे नव्हे, हेही आता पत्र्यावर चिकटून दिसत होते. "बरा," त्या बोलिल्या, "तुझा ऐकतंय. पण हात धरून ठेव गो माझो, नायतर तो आपसूक जातलो थंय."

तिसरी लढाई. पत्रे पुसिले, लोणी लाविले, उरले पीठ खरवडून ओतिले, झाकण पडिले. वाफ आली. आत्यांचा उजवा हात उठला, तो जुईसाहेबांनी दोन्ही हातांनी धरिला. वाफ वाढली, हात ओढ घेऊ लागला, साहेब त्यास लोंबकळल्या. विनीतराव चटणी विसरून उभे राहिले. समोरच्या खिडकीत देवापाशी कोणी निरांजन लाविले आणि आत्या पुटपुटल्या, "करपलो तर माका सांगू नको." मग वाफ बारीक जाहली, मग एक धागा राहिला, मग तोही तुटला. साहेबांनी हात सोडिला. झाकण उघडिले, आणि वॅफल आपण होऊन सुटला, सोनेरी, खुसखुशीत, चार कोपऱ्यांचा. आत्यांनी गावच्या बाटलीतून वर काकवी सोडिली, ती प्रत्येक चौकोनात तळ्यासारखी साठली.

परंतु खरी लढाई पुढेच होती. साहेब ताटली घेऊन एकट्या जिना चढल्या. दुसऱ्या मजल्यावर, पूर्वी दगा जाहला त्याच जागी, काकवीचा गोड वास नाकात शिरला आणि पाय आपोआप थबकले. दोन्ही हात ताटलीस गुंतलेले, नाक धरावे तर धरता येईना. तेव्हा साहेबांनी श्वास कोंडिला, नजर छताकडे लाविली आणि उरलेल्या पायऱ्या एका दमात सर केल्या.

राजसराव खिडकीपाशी पाय लांब करून बसले होते. त्यांनी बोट लावून कोपरे तपासिले. चारही हजर. मग एक कोपरा मोडून खाल्ला, काकवी मनगटावरून ओघळली ती चाटली. शेवटी दुसरा कोपरा मोडून पुढे केला. "हा तुझा. आणि कट्टी रद्द."

येणेप्रमाणे परळ मुक्कामी, रविवारी, दिवेलागणीस, एक वॅफल कांद्यास आणि एक वाफेस बळी देऊन तिसरा फत्ते जाहला; सेनापती नलूआत्या यांनी हात आवरून कीर्ती मिळविली; तीर्थरूप विनीतरावांस पहिला वॅफल इनाम मिळाला; आणि तळमजला व तिसरा मजला यांमध्ये तह होऊन सलोखा कायम जाहला.

मग राजसरावांनी स्केचपेन जुईसाहेबांच्या हाती दिले की, बाजूला जागा आहे, नाव नव्याने लिहावे. साहेबांनी नाव लिहिले नाही. त्या प्लास्टरावर वाकल्या, जुन्या नावावरील फुलीच्या दोहों अंगांस दोन उभ्या रेघा आणि वर-खाली दोन आडव्या रेघा ओढिल्या, तो वॅफलासारखी नऊ घरांची चौकट जाहली आणि फुली बरोबर मधल्या घरात बसली. मग पेन परत देऊन म्हणाल्या, "तुझी फुली झाली. आता माझा गोळा कुठे काढू, सांग."